म्हैस, शेळी आणि नवारीचा पट्टा

मंगरूळपीरात कारंज्याच्या रस्त्याला जानराव पट्टेबहादूरचं टिनाचं शेड होतं. ठोकलेल्या, चेपलेल्या, उलटलेल्या मोटारी तिथं यायच्या आणि सरळ होऊन जायच्या. अकोल्याच्या अलीकडं पत्र्यावर असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. काम करताना जानराव पत्र्याकडं पाहायचाच नाही. डोळे मिटून तळहात फिरवायचा, आणि जिथं खड्डा लागेल तिथं आतून हातोडीनं टकटक करत तो बाहेर काढायचा.

पण माणूस तापट. आणि त्याला तापवायला एक सवाल पुरायचा.

"काहो जानराव, म्हैस मजबूत का शेळी?"

त्या काळी आपल्याकडं घरच्या मोटारी म्हणजे जवळजवळ दोनच. एक मोठी, गोल पाठीची, जाड पत्र्याची. दुसरी लहान, चपळ, नाकाडी. त्यांची कंपनीची नावं मंगरूळात कोणी घेत नसे. मोठी ती म्हैस, लहान ती शेळी. ज्याच्या दारात सात जन्मात मोटार उभी राहायची नाही, तोही चहाच्या टपरीवर या दोघींवरून भांडायचा. म्हशीवाले म्हणायचे, आमची झाडाले धडकली त झाड पडन. शेळीवाले म्हणायचे, आमची धडकतच नाई, टुनकन बाजूनं निंघून जाते. भांडण मिटेना की सगळे जानरावकडं यायचे, कारण दोघींच्याही आतड्यात हात घातलेला तालुक्यात तो एकटाच.

जानरावकडं उत्तर होतं. ते ऐकायला मात्र कोणी थांबत नव्हतं.

शेडच्या मागच्या भिंतीत खिळे ठोकलेले होते आणि त्यांना सुतळ्या लोंबत होत्या. अपघाताची गाडी आली की हातोडी लावायच्या आधी जानराव एक सुतळी घ्यायचा, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीपासून स्टेरिंगपर्यंत ताणायचा, तेवढीच कापायचा आणि खिळ्याला टांगायचा. धडक बसून स्टेरिंग जितकं आत घुसलं, तितकी सुतळी आखूड. गाडीतलं माणूस गेलेलं असलं तर सुतळीला गाठ. ड्रायव्हरशेजारी बसलेलं गेलं तर वरच्या अंगाला, ड्रायव्हर गेला तर मधोमध, मागचं गेलं तर खालच्या. डावीकडं म्हशीच्या, उजवीकडं शेळीच्या. बारा-तेरा वर्षांत भिंतीला म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखी विरळ दाढी फुटली होती.

त्याची बायको भागिरथा म्हणायची, "अवो, लोकं भितीले फोटो लावतेत. तुमी मढ्याच्या सुतळ्या लावून राह्यले."

"फोटो खोटा बोलते," जानराव म्हणायचा. "सुतळी नाई बोलत."

सुतळ्या काय बोलत होत्या? म्हशीच्या लांब होत्या, हे खरं. तिचा पत्रा सहसा दबत नव्हता. पण गाठी तिच्याही सुतळ्यांना होत्या, आणि शेळीपेक्षा काही कमी नव्हत्या. गाडी साबूत आणि माणूस गेलेला. कारण धडकल्यावर गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो जातो स्टेरिंगवर, नाहीतर काचेवर, नाहीतर दार उघडून सरळ रस्त्यावर. आणि वरच्या गाठी सगळ्यात जास्त. ड्रायव्हरशेजारची जी मानाची जागा, जिथं घरातल्या थोरल्या माणसाला बसवतात आणि वर त्याच्या मांडीवर लाडाचं लेकरू देतात, तीच दोन्ही गाड्यांत सगळ्यात वाईट होती.

हे सांगायला तोंड उघडलं की लोक म्हणायचे, "थे जाऊ दे ना बाप्पा, नाव सांग नाव."

पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात आसेगावच्या रामराव पाटलांनी मोटार घ्यायचं काढलं. एरवी जानरावनं हात झटकले असते. पण पाटलांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता गोविंदा, आणि गोविंदा जानरावचा जवाई. पोरीचं, बेबीचं, लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिला पाचवा महिना लागला होता. मोटार कोणतीही येवो, तिच्या स्टेरिंगमागं छाती गोविंदाची असणार होती.

"हे पाह्य जानराव," पाटील शेडात येऊन स्टुलावर टेकले. "वाशिमच्या वकिलाची शेळी इकाले हाये अन अकोल्याच्या डॉक्टरची म्हैस. तू मले यक नाव सांग. बस."

"पाटील, नावानं काई होत नाई. चार गोष्टी सांगतो, त्या आयका."

"चार कायले? मी का पोथी आयकाले आलो?"

जानरावनं राग गिळला आणि त्यांना भिंतीपाशी नेलं. एकेक सुतळी हातात धरून सांगितलं. ही कारंज्याजवळची, ही मानोऱ्याची, ही पुलावरची. पाटील जांभया देत ऐकत होते. मग त्यांचे डोळे एकदम चमकले.

"म्हंजे म्हशीच्या सुतळ्या लांब हायेत!"

"लांब हायेत, पन..."

"म्हंजे म्हैस मजबूत."

"असं म्या म्हनलं का? गाठी पाहा ना तिच्या!"

"गाठी नशिबाच्या असतेत बावा. थ्या का कंपनी मारून देते?"

"पाटील, सवाल गाडीचा नाई, आत मानूस कसा बसते त्याचा हाये. दाराचे कुलपं मी घट्ट करून देतो. पुढं कोनाच्या मांडीवर लेकरू देऊ नका. अन..."

"चाल, येतो मी," पाटील उठले. "तू लय बोलतं, पन मानूस कामाचा हायेस."

एवढं ऐकून पाटील म्हशीकडं जातील असं कोणालाही वाटेल. पण आठ दिवसांनी ते आले ते चालवून पाहायला आणलेल्या वकिलाच्या शेळीत बसून. रंग आकाशी, भाव कमी, आणि म्हातारीला म्हणजे पाटलांच्या आईला, मनकर्णाबाईला, रंग आवडला होता. गाडी गोविंदानं आणली. नव्या नवरीला माहेरी आणावं तसा तो खाली उतरला.

"पाहा मामाजी! लोन्यावानी चालते."

जानरावनं सवयीनं बोनटवरून हात फिरवला, आणि हात तिथंच थांबला. आपलं अक्षर ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. वाशिमात वकील पुष्कळ, म्हणून नाव निघालं तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. तीन वर्षांमागं हीच गाडी कडुलिंबाला धडकून बैलगाडीला बांधून ओढत आली होती. बोनटच्या आत, चाकावरच्या कमानीपाशी, गाडीचं नाक पेलणारा जो दांडा असतो तो दोन जागी तुटला होता. जानरावनं तो जोडला, घासला, पुट्टी भरली, रंग मारला. वकिलाला बजावलं होतं, साहेब, गावातल्या गावात फिरवा, आता हिच्यात जीव नाही, आणि इकाल तर सांगून इका. वकिलानं मान डोलावली होती.

"ही घेऊ नका," जानराव म्हणाला.

"काहून?"

"हिचं नाक म्या बसवलेलं हाये. आत जोड हाये. धडकली त पहिल्या झटक्यात दुमडन, अन स्टेरिंग ह्याच्या बरगड्यात जाईन." त्यानं गोविंदाकडं बोट केलं.

पाटलांनी बोनट उघडायला लावलं, धोतराचा सोगा आवरला आणि वाकून वाकून पाहिलं. "कुठं हाये जोड?"

"तिथंच हाये. कमानीच्या खाली."

"मले त दिसत नाई. गोविंदा, तुले दिसते का?"

"नाई बा मालक."

जानरावलाही दिसत नव्हता. तीन वर्षांमागं हेच काम उरकून तो मागं सरकला होता, दोन्ही डोळ्यांनी जोड शोधला होता आणि सापडेना तेव्हा मिशीत हसला होता. आता त्याला तेच हसणं आठवून अंगाची लाही झाली. झालेलं न झालेलं दाखवायचं, हाच तर त्याचा धंदा. हात इतका साफ की आता त्याचंच तोंड खोटं पडत होतं.

पाटील सरळ झाले. आवाज थोडा बदलला. "जानराव, त्या अकोल्याच्या डॉक्टरनं तुले काई देतो म्हनलं का रे?"

"पाटील!"

"नाई, इचारलं फक्त. तू रागाऊ नको."

"मामाजी, राहू द्या ना," गोविंदा मध्येच पडला. "चांगली त चालते गाडी."

"तू चूप! तुह्याच छातीची गोष्ट चालू हाये अन तूच लोनी लावून राह्यला!"

पत्र्याच्या धंद्यात एक अलिखित रीत असते. गिऱ्हाइकाच्या गाडीवर आपण काय झाकलं ते चारचौघात उघडं करायचं नाही. वकील आपलं झाकतो, डॉक्टर आपलं झाकतो, तसा पत्रा ठोकणारा डेंटर. जानरावनं आजवर ती पाळली होती. त्यानं खालून पटाशी उचलली.

"अरे, अरे! दुसऱ्याची गाडी हाये थे!" पाटील ओरडले.

पटाशी चालली. आधी आकाशी रंग निघाला, मग पुट्टीची राखाडी खपली, आणि खपलीखाली, आडवा दांडा वेढून बसलेली एक लांबलचक गोम निघाली. लोखंडाची. पाय पसरून बसलेली.

"आता दिसला जोड?" जानरावचा श्वास फुलला होता. "का दुर्बीन आनू?"

शेळी परत गेली.

वकील दुसऱ्या दिवशी वाशिमहून मोटारसायकलवर आला आणि रस्त्यात उभा राहून जे बोलला ते शेजारच्या पानटपरीवर महिनाभर पुरलं. जानरावनं गाडी फुकट रंगवून दिली. तरी वकिलाच्या ओळखीच्या दोन गाड्या, ज्या मंगरूळात यायच्या, त्या वाशिमलाच थांबल्या. पोट जानरावचं भरत होतं, म्हणून त्यानं एक वेळ तेही सोसलं असतं. पण पाटलांनी म्हैस घेतली आणि जिथं बसतील तिथं सांगायला लागले, "जानरावनं सोताच्या हातचं काम खरवडलं अन सांगतलं, पाटील, घ्यायची त म्हैसच घ्या!"

आता लोक सवाल विचारीत नव्हते. पाठीवर थाप मारत होते. "वा जानराव, फैसला केला तुमी!"

"म्या काई फैसला केला नाई!" तो ओरडायचा.

"आता कायले लाजता?"

यात सगळ्यात हुशार निघाला गोविंदा. एका रविवारी बेबीला माहेरी सोडायला आला तेव्हा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "मामाजी, आता काई भेव नाई राह्यलं. म्हैस हाये. काल वाशिमच्या रस्त्यानं सत्तरनं आनली."

जानरावचा घास हातातच राहिला. "ट्रॅक्टर कितीनं चालवत होता?"

"त्याले वेग कुठं असते?"

"मंग तवा तू जास्त सुरक्षित होता, बैला!"

"अवो, जवाई हायेत ते," भागिरथा म्हणाली.

"जवाई हाये म्हनूनच बैल म्हनलं. परका असता त काई म्हनलं नसतं."

बेबी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं मान वर केली नाही. पण हातातली फुंकणी तिनं बराच वेळ नुसतीच धरून ठेवली.

जानराव तरुणपणी सहा वर्षं नागपूरच्या गॅरेजात होता. तिथं एका मिशनरी डॉक्टरची परदेशी गाडी आली होती, वर्ध्याच्या रस्त्यावर तीन पलट्या खाल्लेली. छप्पर सीटला टेकलेलं. आणि डॉक्टर स्वतः शेजारी उभा राहून गाडीतलं आपलं पाकीट शोधत होता! त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक निळा पट्टा उमटला होता, कारण त्यानं अंगावर पट्टा बांधला होता. जानरावनं तो पट्टा हातात घेऊन पाहिला होता. आपल्या खाटेच्या नवारीसारखाच होता, विणीला थोडा घट्ट.

त्यानं घरची खाट उसवली.

"आता झोपा जमिनीवर," भागिरथा म्हणाली, पण दाभण तिनंच शोधून दिला. नवार दुहेरी करून त्यानं मेणदोऱ्यानं शिवली, ट्रकच्या ताडपत्रीची कडी लावली, आणि स्वतः कडीला धरून शेडच्या आढ्याला लोंबकळून पाहिलं. तुटला नाही. असे दोन पट्टे केले. एक ड्रायव्हरचा, दुसरा मानाच्या जागेचा. सायकलच्या मागं बांधून आसेगावला नेले.

पाटलांच्या अंगणात म्हैस लिंबाखाली उभी होती. जानरावनं पट्टा दाखवला, कसा बांधायचा ते सांगितलं, डॉक्टरची गोष्ट सांगितली. गडीमाणसं गोळा झाली. पाटील हसायला लागले.

"अरे, मले का पोत्यावानी बांधून नेतं का?"

ओट्यावर मनकर्णाबाई बसली होती. ती नाही हसली. "जित्त्या मानसाले बांधत नाई बाप्पा," ती म्हणाली. "बांधून नेतेत थे तिरडीवर नेतेत. असं अशुभ गाडीले लावू नको."

"आजी, तिरडी लागू नये म्हनूनच हाये हे."

म्हातारीनं पट्ट्याकडं निरखून पाहिलं. "कोनाच्या घरची नवार हाये थे?"

"माह्या घरची."

"झोपायची?"

"झोपायची. चांगली धुतेल हाये."

म्हातारीनं पदर ओढून पाय आत घेतले. जानरावला बोलणं पुरतं ऐकू आलं होतं, न बोललेलंसुद्धा. याच म्हातारीच्या गाडीच्या पत्र्यावरून त्याचा तळहात सतरा वेळा फिरला तरी चालत होता. पत्र्यावर रंग चढला की हात पुसला जातो. नवारीला रंग चढत नाही.

छप्पन साली नागपूरच्या मैदानात उभा राहिलेला माणूस होता तो. खाली मान घालून निघून जायची त्याला सवय नव्हती.

"आजी," तो म्हणाला, "माह्या घरची नवार अंगाले लागन याचं तुमाले भेव हाये. काच अंगात घुसन त्याचं नाई का?"

"तोंड सांभाळ रे!" पाटील ताडकन उठले, आणि पुन्हा लगेच हसले, कारण माणूस कामाचा होता. "मनावर नको घेऊ जानराव. जुनं मानूस हाये. तुले लावाचाच असन त ड्रायव्हरले लाव. आमाले नको."

मग एकच पट्टा बसला. जानराव गाडीच्या तळाशी उताणा पडून बोल्ट आवळत होता आणि वर गडी गोविंदाची टिंगल करत होते. "गोविंद्या, सासऱ्यानं तुले दावनीले बांधलं रे! वैरन टाकू का?"

निघताना गोविंदा सायकलपाशी आला. कान लाल झाले होते.

"मामाजी, बांधतो मी. बेबीचीबी आन हाये. पन गावात नका म्हनू. गाव सुटलं का बांधतो."

"अन गावात धडकला त?"

"गावात सारे हासतेत ना!"

जानरावनं सायकलचं स्टँड काढलं. मरण परवडलं पण हसं नको, असल्या माणसाला कोणती सुतळी दाखवायची?

चैत्रात इंझोरीला पाटलांच्या भाच्याचं लग्न निघालं. पाटलांची सून चार दिवस आधीच कामाला तिकडं गेली होती. मंगरूळात आहेराची लुगडी घेऊन मोटार दुपारी पुढं जाणार, हे जानरावला पानटपरीवर कळलं. त्यानं हातातलं काम टाकलं, सायकल काढली, आणि जकात नाका ओलांडून, शेवटचं घर मागं टाकून, एका बाभळीच्या विरळ सावलीत उभा राहिला. डांबर वितळून चाकांना चिकटत होतं. तो कशाला आला होता ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. पोराचा शब्द खरा का खोटा, एवढंच पाहायचं होतं.

म्हैस आली. चकचकीत, हाराफुलांची. तशीच त्याच्यासमोरून गेली. जानरावच्या तोंडात शिवी आली. तेवढ्यात पन्नास पावलांवर ती थांबली. गोविंदानं खिडकीतून डोकं काढून मागं पाहिलं, पुढं पाहिलं, झुडपाआड बसायच्या आधी माणूस पाहतो तसं, आणि खांद्यावरून नवार ओढून कडी अडकवली.

जानराव धावत गेला. पुढं मानाच्या जागेवर मनकर्णाबाई होती. तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पाटलांचा तीन वर्षांचा नातू उभा होता, दोन्ही हात पुढच्या पत्र्यावर ठेवून, नाक काचेला लावून. मागं पाटील, पाटलीण, दोन बाया आणि आहेराची गाठोडी. दाराचं कुलूपही नीट बसलेलं नव्हतं.

"पाटील, लेकराले मागं घ्या! हात जोडतो, तेवढं मागं घ्या!"

पाटलांनी काच खाली केली. ते आनंदात होते. "अरे जानराव! तू इथं काय करून राह्यला? भेऊ नको, म्हैस हाये म्हैस! तूच त सांगतलं!"

म्हातारीनं तोंड फिरवलं. लेकरानं जानरावला पाहून काचेवर जीभ लावली. गोविंदानं सासऱ्याकडं एकदाच पाहिलं, मालकाकडं पाहिलं, आणि गाडी पुढं काढली.

जानराव दाराला हात लावायला झेपावला, पण हाताला फक्त तापलेला पत्रा लागून सुटला. मोटार चढ चढून पलीकडं गेली. तो मधोमध रस्त्यात उभा राहिला. सहा मोठी माणसं आणि एक लेकरू. सात जणांत बांधलेला एकच होता, आणि तो त्याचा होता.

आणि त्या एकामुळं त्याला हलकं वाटलं. खरंच वाटलं, पोटात थंड पाणी गेल्यासारखं. ते वाटलं तसं त्याचं डोकं पुन्हा भडकलं, पण या वेळी पाटलावर नाही, म्हातारीवर नाही. "थुत् तुह्या जिनगानीवर, जान्या," तो स्वतःलाच म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गावाकडं नाही, इंझोरीकडं, मोटारीच्या मागं पायडल मारायला लागला. लग्नात जाऊन लेकराच्या आईला गाठायचं होतं, परतीला तरी लेकरू मागं बसवा म्हणून.